गालाकडे वळलेली दाढ

डॉ. नूरबानू : तोंड मिटून तपासायची विद्या मला अजून आलेली नाही, सोजरबाई. उघडा.

सोजरबाई : काय न्हाई वो त्यात, डॉक्टरीनबाई. जेवताना गाल चावला, येवढंच. हिनं उगंच आनलं मला मांजरी गावातनं, रिक्षा करून.

हर्षदा : उगंच? आई, आरशात बघा एकदा, गाल केवढा सुजलाय. डॉक्टर, काल ह्या बेसिनपाशी चूळ भरत होत्या. पाणी लाल. मी विचारलं तर म्हणाल्या, बीट खाल्लं. आमच्याकडे बीट कुणी आणतच नाही.

डॉ. नूरबानू : तुम्ही मुलगी ह्यांची?

हर्षदा : सून. हर्षदा.

डॉ. नूरबानू : बरं, हर्षदा. गाल चावायचं हे कधीपासून चाललंय?

सोजरबाई : परवाधरनं.

हर्षदा : मला नाही सांगता येणार, डॉक्टर. ह्या आमच्यासोबत जेवतच नाहीत. मी आणि संभाजी, म्हणजे माझा नवरा, आम्ही जेवून उठलो की मग ह्या एकट्या आत बसतात, पाठ करून. काय खातात, खातात की नाही, देव जाणे.

डॉ. नूरबानू : का बरं?

हर्षदा : ते त्यांनाच विचारा. मी विचारून थकले.

सोजरबाई : आता तो इषय कशाला हितं?

हर्षदा : बघितलंत? हे असं. सॉरी डॉक्टर, ऑफिसचा फोन येतोय. मघाशी दोनदा कट केला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली तरी ऑफिसवाल्यांचं चालूच असतं.

डॉ. नूरबानू : बाहेर जाऊन घ्या. बोलणं संपलं तरी बाहेरच बसा. मी बोलावते.

हर्षदा : चालेल. आई, प्लीज, ह्यांना तरी नीट सांगा.

डॉ. नूरबानू : गेल्या त्या. दार लागलंय. आता परवापासून नको, खरं सांगा.

सोजरबाई : लई दिस झालं.

डॉ. नूरबानू : लई म्हणजे?

सोजरबाई : संभाजीचं लगीन झालं, त्याच्या जरा मागनं. आधी कवातरी चावायचं. मग रोजच. आता घास तोंडात घातला की दाढ नेमकी तिथंच जाऊन बसती. चावलं की सुजतंय, आन सुजलं की पुन्हा त्येच चावतंय. बोलतानाबी.

डॉ. नूरबानू : म्हणून एकट्या जेवता.

सोजरबाई : भाकरी दुधात कुस्करायची, चांगली भिजू द्यायची आन एका अंगानं गिळायची. मधनंच कळ आली की डोळ्याला धार लागती. पोरांपुढं कसं जेवायचं तसं? संभाजी इचारंल.

डॉ. नूरबानू : विचारू दे की. तेवढ्यासाठीच तोंड दिलंय त्याला.

सोजरबाई : नगं.

डॉ. नूरबानू : काय नगं?

सोजरबाई : आमच्या मालकांचं असंच सुरू झालं व्हतं.

डॉ. नूरबानू : असंच, म्हणजे?

सोजरबाई : गालाला आतनं छाला. म्हनायचे, चावलाय. तंबाखूचा बार भरायचे त्याच अंगाला. त्यांचा भाऊ भैरू, त्यो म्हनला हळद भरा. हळद भरली. म्या म्हनले दवाखान्यात चला, तर म्हनायचे, एवढी ऊसतोड हुंदे. ऊस कारखान्याला गेला, मग पुन्हा फुटल्याल्या खोडव्याला पानी. मग आनिक काय. मग ससूनला नेलं तवा गालाला बाहेरनंच गाठ लागत व्हती. त्यांनी तुकडा काढला तपासायला. त्यो मशिनीचा शेक देत्यात त्यो दिला. शेवटाला पानीबी नळीनं.

डॉ. नूरबानू : घरी कोण करत होतं त्यांचं?

सोजरबाई : मीच की. रोज सकाळी दारात बसवायची, उजेडाला. तोंड उघडायला लावायचं, बोटाला कापूस गुंडाळून पुसायचं. वास यायचा, डॉक्टरीनबाई. पाव्हनं दारातनंच माघारी जायचं. म्या कुठं जानार? मी बघायची रोज, काल येवढं व्हतं, आज केवढं झालं.

डॉ. नूरबानू : आणि तुम्हाला वाटतं, तुम्हालाही तेच झालंय.

सोजरबाई : वाटतंय न्हवं. ठावं हाय.

डॉ. नूरबानू : मग प्रश्नच मिटला. बाहेरची पाटी काढून तुम्हालाच देते, उद्यापासून तुम्ही बसा ह्या खुर्चीपाशी.

सोजरबाई : थट्टा करू नगा वो.

डॉ. नूरबानू : थट्टा नाही करत. इतके दिवस एकटीनं हे उरावर घेऊन बसलात आणि दाखवलं कुणालाच नाही, ह्याचा राग आला. मान मागे टेका. उघडा. मी आहे.

सोजरबाई : आ.

डॉ. नूरबानू : अजून थोडं. जीभ पलीकडे करा. मिश्री लावता?

सोजरबाई : उं.

डॉ. नूरबानू : किती वेळा?

सोजरबाई : सकाळची. आन सांजच्याला.

डॉ. नूरबानू : आणि दुपारी?

सोजरबाई : कवातरी.

डॉ. नूरबानू : तंबाखूनं नवरा गेल्याचं आत्ताच सांगितलंत मला. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. नाव बदललं म्हणून गुण बदलत नाही. ती सोडायची. ह्या बाबतीत मी गोड बोलणार नाही. आता बोट लावते, दुखेल जरा.

सोजरबाई : आई गं!

डॉ. नूरबानू : झालं, झालं. मान बघू द्या. इकडे वळा. आता तिकडे. हं. सोजरबाई, इथली खालची शेवटची दाढ कुठे गेली?

सोजरबाई : ती मागंच काढली. संभाजी शाळंत व्हता तवा. किडली व्हती.

डॉ. नूरबानू : आणि वरची तशीच ठेवली.

सोजरबाई : ती कुठं दुखत व्हती?

डॉ. नूरबानू : दुखत नव्हती म्हणूनच घोटाळा झाला. हा आरसा धरा. ही वरची अक्कलदाढ. खालची गेल्यावर हिला टेकायला काही उरलं नाही. अशी दाढ वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरत राहते. तुमची खालीही उतरलीय आणि बाहेर, गालाच्या बाजूलाही कलंडलीय. तो कोपरा दिसला? कसा सुरीसारखा झालाय. तोंड मिटलं की गाल त्याच्यात सापडतो. जखम बरोबर त्याच्यासमोर आहे.

सोजरबाई : मंजी त्ये न्हाई?

डॉ. नूरबानू : तसं मी म्हटलेलं नाही. नीट ऐका. जखमेच्या कडा मऊ आहेत. मानेत गाठ लागत नाही. तिथंच टोचणारी दाढ समोर दिसतेय. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. तुमचं ब्लडप्रेशर आणि साखर बघते, ठीक असेल तर दाढ आजच काढू. टोचणारं काढलं की दोन आठवड्यांत जखम भरायला हवी. भरली, तर दोष दाढेचा. नाही भरली, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

सोजरबाई : तुकडा न्हाई काढायचा. ह्यांचा तुकडा काढला आन तवापासनंच भडकलं.

डॉ. नूरबानू : भडकलेलं होतं म्हणून तुकडा काढला. उशीर त्याच्या आधीच झाला होता, सोजरबाई. तुकड्यानं नाही झाला.

सोजरबाई : सगळं गाव म्हनतं.

डॉ. नूरबानू : गावाला म्हणावं, तोंड दाखवायला ये. सुनेला बोलावते. तिला हे सांगायला हवं.

सोजरबाई : नगा, पाया पडते.

डॉ. नूरबानू : अहो, का पण?

सोजरबाई : ती आधीच दमल्याली असती. सकाळी घास तोंडात घेऊनच जिना उतरती. रातच्याला येती ती चप्पलसुद्धा सरळ काढत न्हाई. तिला सांगितलं की तिला माझं सगळं करावं लागंल. म्या केलंय त्ये. कुनाच्या वाट्याला येऊ ने. ती तर परक्याची पोर.

डॉ. नूरबानू : म्हणजे न सांगताच जायचं ठरवलंत.

सोजरबाई : ठरवतंय कोन? हुतं तसं.

डॉ. नूरबानू : बरं. दाढ काढतेय एवढं सांगते मी तिला. बाकीचं नाही. मी दातांची डॉक्टर, माणसांना तोंड उघडायला लावते. बोलायचं ज्याचं त्यानं.

* * *

(दाढ निघाली आहे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर सोजरबाई कापसाचा बोळा दाबून बसली आहे. रक्त थांबेपर्यंत बोलायचं नाही, थुंकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. अर्धा चेहरा कुणा दुसऱ्याचाच असावा तसा तिला वाटतोय; घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं, एवढंच तिच्या मनात आहे. शेजारी हर्षदा.)

हर्षदा : घट्ट धरा. लाळ आली तर गिळा, थुंकू नका. दुखतंय का?

सोजरबाई : उं-हूं.

हर्षदा : भूल उतरली की दुखेल म्हणाल्यात. गोळी आणलीय मी. केवढी दाढ होती हो! मला दाखवली त्यांनी. असलं काहीतरी तोंडात घेऊन तुम्ही फिरत होतात आणि घरात कुणाला पत्ता नाही.

सोजरबाई : हं.

हर्षदा : ऑफिसला कळवलंय, आज येतच नाही म्हणून. उद्या बोलतील. बोलू देत. रिक्षा नको ना लगेच? हादरे बसतील. थांबू या थोडं.

सोजरबाई : हं.

हर्षदा : आई, एक सांगू का? तुम्हाला आत्ता बोलता येत नाहीये, तर मीच बोलून घेते. एरवी मी सुरू केलं की तुम्ही उठून जाता. नाहीतर कुकर लावता.

सोजरबाई : उं?

हर्षदा : संभाजी सांगणार होता तुम्हाला. रोज म्हणतो, आज सांगतो. त्याच्याच्यानं होत नाही. आम्ही विश्रांतवाडीला जागा बघितलीय. भाड्याची. माझ्या माहेरापासून जवळ आहे, पण म्हणून नाही हं. मला ऑफिसला येरवड्याला जायचं असतं, मांजरीवरून रोज दोन बस, मध्ये तो पूल, ते ट्रॅफिक. घरी येते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं.

सोजरबाई : हं.

हर्षदा : पण ते पूर्ण खरं नाही. बसचं मी सहन केलं असतं. सगळेच करतात. मला तुमचं ताट सहन होत नाही, आई.

सोजरबाई : उं?

हर्षदा : मी रोज तुमचं ताट वाढायला घेते, तुम्ही म्हणता, बसा तुम्ही, मला भूक न्हाई. मग मी भांडी आवरायला जाते तर तुमच्या वाट्याची भाजी पातेल्यात तशीच. दुधाचा वाडगा तेवढा रिकामा. मला माहीत होतं, तुम्हाला सून म्हणून तुमच्या भावाची मुलगी हवी होती. संभाजीनं मला आणलं. ठीक आहे, राग असणारच. मला वाटलं, चार दिवस चांगलं करून घातलं की माणूस सरळ होतं. मी आईला फोन करून विचारायचे. तिखट कमी केलं. मग वाटलं, तुम्हाला झणझणीत लागत असेल, म्हणून वाढवलं.

सोजरबाई : उं-हूं. उं.

हर्षदा : बोलू नका, रक्त येईल. ऐका फक्त. दिवाळीत मी चकल्या केल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही एक उचललीत, तोंडाला लावलीत आणि पदर तोंडावर धरून आत गेलात. नंतर मी खाली कचरा टाकायला गेले, तर गेटपाशी ती चकली कुत्रा खात होता. आपल्या घरातलीच. माझ्या चकल्या ओळखू येतात, एवढ्या वाकड्या कुणाच्याच नसतात.

सोजरबाई : उं, उं!

हर्षदा : त्या दिवशी मी संभाजीला म्हटलं, ह्या घरात मला परकी समजतात ते चालेल मला, पण माझ्या हातचं कुत्र्याला घालतात, ते नाही चालणार. त्या दिवशी ठरलं जायचं. आई? अहो, रडताय का? दुखतंय का खूप? डॉक्टरांना बोलावू?

सोजरबाई : उं-हूं.

हर्षदा : मग नका ना रडू. बोळा सुटेल. मीपण कुठली वेळ काढली! माझं नेहमी असंच होतं. घ्या, डोळे पुसा. आता गप्प बसते मी.

सोजरबाई : हं.

हर्षदा : पाणी आणू? नको, पाणी नाही चालणार अजून. बसा अशाच. टेका माझ्यावर.

सोजरबाई : हं.

हर्षदा : झाला वाटतं वेळ. बघू, काढा हळूच. इथे, ह्या पिशवीत टाका. थांबलंय रक्त.

सोजरबाई : चावली न्हाई मला.

हर्षदा : काय?

सोजरबाई : चकली. तोंडात धरली आन दाढ गालात घुसली. तोंडभर रगत. तुझ्यापुढं कसं थुकू? आत जाऊन थुकलं. उरल्याली हातात ऱ्हायली. ती तुला दिसली असती तर तू इचारलं असतंस. म्हनून खिडकीतनं खाली टाकली. कुत्र्यानं खाल्ली त्ये मला काय ठावं.

हर्षदा : मग सांगायचं ना! गाल चावला, एवढंच सांगायचं होतं.

सोजरबाई : तुझ्या सासऱ्यांचं तुला ठावं हाय न्हवं?

हर्षदा : कॅन्सर. हो. संभाजी फार बोलत नाही त्याच्यावर.

सोजरबाई : तू बघितल्यालं न्हाई त्यास्नी.

हर्षदा : फोटोत बघितलंय की.

सोजरबाई : फोटो आधीचा हाय. त्यांचंबी गालापासनंच सुरू झालं. ह्येच अंग, ह्येच जागा. माझा गाल चावाय लागला, तवा मला वाटलं, आलं माझ्यावर.

हर्षदा : आई...

सोजरबाई : रोज जिभेनं चाचपायची. वाढलंय का, वाढलंय का. आरशात बघायचा धीर न्हाई झाला. तुला सांगितलं असतं, तर तू केलं असतंस माझं. तू न्हाई म्हननारी न्हाईस. नोकरी सोडून केलं असतंस.

हर्षदा : नोकरी बिलकूल नसती सोडली.

सोजरबाई : हसवू नगंस, गाल वढतोय.

हर्षदा : म्हणजे इतके दिवस तुम्ही दुखतंय म्हणून जेवत नव्हतात. आणि मी संभाजीच्या कानाशी किती काय काय बोलले तुमच्याबद्दल. हट्टी आहेत, कपटी आहेत.

सोजरबाई : ऐकलंय म्या. लई पातळ भिंती हायेत त्या बिल्डिंगीच्या. उसाच्या रानात बांधली, भिंतीबी उसाच्या पाचटागतच.

हर्षदा : ऐकलंत, आणि तरी एका शब्दानं बोलला नाहीत?

सोजरबाई : म्हनलं, रागावल्यालं मानूस लवकर इसरतं. मी गेले, तर तुला लई वाईट वाटाया नगं.

हर्षदा : हे फार वाईट केलंत तुम्ही. सिरियसली, फार वाईट केलंत, आई.

सोजरबाई : असंल.

हर्षदा : मी इतकी वाईट आहे का, की माझ्यापासून दुखणं लपवावं?

सोजरबाई : तू वाईट न्हाईस. दुखनं वाईट. म्या त्येच्याजवळ बसलेय, मला ठावं हाय. तुझं लगीन कालचं. म्हनलं, हिनं का म्हनून?

हर्षदा : डॉक्टर काय म्हणाल्या? खरं सांगा. मला नुसती दाढ म्हणून सांगितलं त्यांनी.

सोजरबाई : मीच सांगू नगा म्हनले. दोन आठवडं बघायचं. जखम भरली, तर दाढंचंच व्हतं. न्हाई भरली, तर तुकडा काढायचा.

हर्षदा : काढायचा. तुकडा म्हणाल्या तर तुकडा. मी येणार बरोबर. आणि संभाजीला आज सांगायचं.

सोजरबाई : त्याला नगं. बापाच्या वेळी लई भ्याला व्हता.

हर्षदा : आई.

सोजरबाई : सांग मग. पन हळू सांग. तो आल्या आल्या नगं, जेवल्यावर सांग.

* * *

डॉ. नूरबानू : या, बसा. आज सांगायच्या आधीच तोंड उघडलंत! प्रगती आहे.

हर्षदा : वाटेत सारख्या विचारत होत्या, डॉक्टर आज असतील ना, नसतील तर काय करायचं. दोन आठवडे आम्ही घरात कुणी धड झोपलो नाही.

डॉ. नूरबानू : जीभ पलीकडे. हं. दिवा जरा खाली घेते. हर्षदा, तुम्ही इकडे या, उभ्या राहून बघा. इथे जखम होती. दिसते का?

हर्षदा : नाही. एक पांढरी रेघ आहे फक्त.

डॉ. नूरबानू : ती रेघ सारखं घासून घासून जाड झालेल्या कातडीची आहे. शेतकऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो, तसाच. हळूहळू जाईल. महिन्यानं दाखवायला या. जखम भरलीय, सोजरबाई. बंद करा तोंड.

सोजरबाई : मंजी त्ये न्हाई?

डॉ. नूरबानू : जखम आपली आपण भरली. तुकडा काढायची गरज मला आज दिसत नाही.

सोजरबाई : एकदा सरळ न्हाई म्हना की वो.

डॉ. नूरबानू : नाही. ते नाही. तुमच्या दाढेनं तुमचा गाल खाल्ला, बाकी काही नाही. ह्याहून सरळ मला येत नाही.

हर्षदा : आई, ऐकलंत? आई, पाणी घ्या. अहो, हात किती गार पडलाय.

सोजरबाई : काय न्हाई. बसू दे जरा.

डॉ. नूरबानू : बसा. बाहेर कुणी रांग लावलेली नाही. मिश्री सोडली?

सोजरबाई : कमी केली.

डॉ. नूरबानू : कमी केली का, असं मी विचारलं नव्हतं.

सोजरबाई : सोडली म्हना की. डोकं दुखतंय नुसतं. पोट साफ हुईत न्हाई.

डॉ. नूरबानू : होईल. डोकं दुखायचंही थांबेल. हात पुन्हा डबीकडे गेला तर आधी माझ्याकडे या. जेवण कसं काय?

सोजरबाई : ताटाला ताट लावून जेवते आता. काल हिनं भरली वांगी केली व्हती.

डॉ. नूरबानू : चावता आली?

सोजरबाई : आली की. मीठ लई व्हतं.

हर्षदा : आई!

सोजरबाई : आता चव लागती, तर कळतंय.

डॉ. नूरबानू : ऐकून घ्या, हर्षदा. चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. आणि एक काम तुमच्याकडे. आठवड्यातून एकदा ह्यांचं तोंड उजेडात बघायचं. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम, काही दिसलं तर घेऊन यायचं. मिश्री इतकी वर्षं लावलीय, तेव्हा हे पुढंही चालू ठेवायचं. भिऊन नाही. बघायचं म्हणून बघायचं.

हर्षदा : बघेन मी.

* * *

सोजरबाई : आज सुट्टीचं लवकर उठलीस? झोपायचंस की जरा.

हर्षदा : जाग आली. चहा टाकलाय दोघींचा. संभाजी झोपलाय अजून. गॅलरीतच बसू या, ऊन छान आहे.

सोजरबाई : त्या विश्रांतवाडीच्या जागेचं काय केलं?

हर्षदा : काही नाही. घरमालकांना म्हटलं, कळवते.

सोजरबाई : जा तुम्ही.

हर्षदा : आई, तो विषय आता—

सोजरबाई : रागानं न्हाई म्हनत. तुला बघती की मी रोज. येतीस तवा त्वांड कसं उतरल्यालं असतं तुझं. तिथनं हापिस जवळ हाय, तर जा. दमलीस म्हनून जा. माझ्यावर रुसून जाऊ नगंस, येवढंच.

हर्षदा : मग तुम्ही पण चला.

सोजरबाई : मी काय करू तिकडं? हितं खाली सरूबाई हाय, कादरभाईचं दुकान हाय, हाक मारली की चार मानसं ओ देत्यात. मांजरी सोडून मला कुठं जायाचं न्हाई.

हर्षदा : आणि एकट्या जेवायचं परत?

सोजरबाई : दुखत नसलं की एकटं जेवायला काय हुतंय?

हर्षदा : मला खरंच कळत नाहीये. आधी जायचंच होतं. आता जावंसं वाटत नाही, आणि त्या दोन बस डोळ्यांसमोर आल्या की राहावंसंही वाटत नाही. डोकंच चालत नाही माझं. दमलेय फक्त.

सोजरबाई : मग आज नगं ठरवू. दमल्यावर ठरवू ने काय. चहा घे.

हर्षदा : घेते. आधी तोंड उघडा. रविवार आहे, डॉक्टरांनी काम दिलंय मला.

सोजरबाई : हितं? समोरच्या बिल्डिंगीतनं बघत्यात मानसं.

हर्षदा : बघू देत. इकडे करा तोंड, उजेडाला.

सोजरबाई : मला लाज वाटती गं. त्येंचं म्या येवढं बघितलं. माझं कधी कुनी बघितलं न्हाई.

हर्षदा : मलाही वाटतेय. उघडा.

सोजरबाई : आ. चहा निवंल तुझा.

हर्षदा : निवू दे. अजून थोडं मोठं उघडा, आई. आज मला कुठे जायची घाई नाही.